रात्रीची बचत

माझा आयुष्यात एकदाच सत्कार झाला. शाल, नारळ, गुलाबाचं फूल आणि पंधरा-वीस माणसांच्या टाळ्या. तो प्रसंग आठवला की आजही पोटात ढवळून येतं, आणि हे मी बोलायची पद्धत म्हणून म्हणत नाही. खरोखरच तोंडाला पाणी सुटतं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. शिरूरला नगर रस्त्याच्या कडेला एक नवी तीनमजली इमारत उभी राहिली होती. खाली मोठं दुकान होतं. त्यात डाळ-तांदळापासून प्लास्टिकच्या बादल्यांपर्यंत सगळं मिळायचं. पहिल्या मजल्यावर बँकेची शाखा आणि सगळ्यात वर साखरपुडे, बारशी, वाढदिवस यांच्यासाठी भाड्याचा हॉल. दुकानाच्या पाठीमागे जाड पांढऱ्या पत्र्याची कोल्ड रूम होती, चांगली ऐसपैस खोलीएवढी. तिच्यात श्रीखंड, पनीर, खवा आणि आइस्क्रीम ठेवलेलं असे. हॉलमधल्या पंगतींना गोड तिथूनच वर जायचं आणि आसपासच्या गावांतल्या कार्यांनाही टेम्पो भरून जायचं.

मी बी. कॉम. होऊन त्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचे. मालाची आवक-जावक भरायची, बिलं छापायची. तालुक्यात कॉम्प्युटर येणाऱ्या मुली तेव्हा मोजक्याच होत्या, म्हणून सगळे मला 'मॅडम' म्हणायचे. मालकांना सगळे 'अण्णा' म्हणायचे. पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी, बागायती जमीन, दोन-तीन सोसायट्यांवर वजन. बोलायला गोड माणूस. माझ्या वडिलांना ते चांगले ओळखत. वडिलांचं बाजारतळाजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि अण्णांच्या विहिरींवरच्या मोटारी जळाल्या की आमच्याकडेच यायच्या. त्या ओळखीवरच मला नोकरी मिळाली होती.

इमारतीचं विजेचं बिल बघून अण्णा हैराण झाले होते. कुणीतरी त्यांना पुण्यातल्या एका सल्लागार इंजिनिअरचं नाव सुचवलं. इमारतीत वीज कुठं वाया जाते ते मोजून सांगणं हा त्यांचा धंदा. ते साहेब गाडी घेऊन आले, दिवसभर इमारतीत फिरले आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी पाच लहान डबे आणून मुख्य पॅनलमध्ये बसवले. लिफ्टच्या वायरवर एक, बँकेच्या एसीवर एक, हॉलवर एक, दुकानावर एक आणि कोल्ड रूमवर एक. डब्याला चिमटा होता, तो वायरभोवती बसायचा. दर पंधरा मिनिटांनी किती वीज गेली ती नोंद डबा आपल्या पोटात साठवून ठेवायचा. दर सोमवारी केबल लावून ते आकडे माझ्या कॉम्प्युटरवर उतरवायचे आणि एक्सेलमध्ये त्यांचा आलेख काढायचा, हे काम साहेबांनी मला शिकवलं.

"मॅडम, आकडे नुसते बघू नका," ते म्हणाले होते. "रेषेचा आकार बघा. कुठं ती चढायला नको होती आणि चढली, तेवढंच शोधा."

मला त्या कामाची अक्षरशः चटक लागली. लहानपणापासून मी वडिलांच्या दुकानात तांब्याच्या तारा आणि व्हार्निशच्या वासात वाढले होते, पण वीज अशी डोळ्यांना कधी दिसली नव्हती. पहिल्याच महिन्यात मी तीन गोष्टी शोधून काढल्या. बँकेचा शिपाई झाडू मारायला सकाळी आठला यायचा आणि आल्या आल्या सगळे एसी लावायचा, बँक मात्र दहाला उघडायची. रविवारी बँक बंद असायची तरी एक एसी दिवसभर चालू राहायचा, मॅनेजरच्या केबिनचा. आणि हॉलच्या स्वयंपाकघरातला गिझर महिनाभर बंदच केलेला नव्हता, कार्य असो वा नसो. मी हे कागदावर मांडलं, साहेबांनी अण्णांसमोर वाचलं आणि अण्णांनी सगळ्यांना बोलावून झापलं. पुढचं बिल खाली आलं. खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटला.

मग साहेबांनी कोल्ड रूमच्या रेषेवर बोट ठेवलं. इमारतीतली सगळ्यात जास्त वीज तिथं जात होती. तिची रेषा करवतीच्या दात्यांसारखी दिसायची. कॉम्प्रेसर सुरू झाला की वर, आत पुरेसं गार झालं की खाली, थोड्या वेळाने पुन्हा वर. दिवसरात्र तसंच. साहेब म्हणाले, "अण्णा, इथं रात्रीचं काही करता आलं तर बघा." त्यांच्या मनात दरवाज्याचं फाटलेलं रबर बदलणं, प्लास्टिकचे पडदे लावणं असं काहीतरी असावं. निदान मी तसं समजले. अण्णांनी मान डोलवली.

पुढच्या महिन्याच्या आलेखात रात्रीचे दाते गायब झाले होते. रात्री दहाच्या सुमाराला रेषा तळाला जायची ती पहाटे साडेपाच-सहापर्यंत सपाट. मग एकदम उंच चढून चार तास उतरायचीच नाही. लोडशेडिंगमुळे वीज गेली तर पाचही रेषा एकदम खाली यायच्या, ते मला ओळखता येत होतं. ही एकटीच खाली होती. मला एवढं दिसत होतं आणि तरी मी स्वतःला सांगितलं की रात्री दार कुणी उघडत नाही, म्हणून कॉम्प्रेसरला विश्रांती मिळत असेल. त्या सपाट भागाला मी हिरवा रंग दिला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'रात्रीची बचत'. असं लिही म्हणून मला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

साहेबांनी तो आलेख पाहिला. पेन्सिलीचं टोक त्या हिरव्या पट्टीवरून फिरवलं. "वा!" म्हणाले. "हा महिना चांगला गेला." बस्स, एवढंच. तो आलेख घेऊन ते पुण्यात कुठल्याशा हॉटेलात शंभर इंजिनिअरांसमोर बोलले, आणि तिकडून आल्यावर त्यांनीच अण्णांना सुचवलं की या मुलीचा छोटासा सत्कार करा. दुकानाच्या मधोमध टेबल मांडून तो झाला. कडक उन्हाळ्याचे दिवस होते. सगळ्यांना आइस्क्रीम वाटलं. माझ्या कपातलं गुलाबी आइस्क्रीम एका बाजूला कललेलं होतं आणि त्यात बर्फाचे खडे लागत होते. मी ते खाल्लं.

त्याच आठवड्यात मी दौंडला माझ्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे गेले होते. तिचे मिस्टर, आमचे खालू, रेल्वेत होते, त्यांचं क्वार्टर स्टेशनापासून जवळच होतं. सत्काराची बातमी सांगायची म्हणून दुकानातून आम्रखंडाचा डबा नेला. आम्हा नोकरांना तो सवलतीत मिळायचा. न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीत तो डबा माझ्या मांडीवर होता. संध्याकाळी खालाने आवडीने दोन वाट्या खाल्ल्या. मला तिखटच हवं होतं म्हणून मी खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी तिला उलट्या-जुलाब सुरू झाले ते थांबेनात. तीन दिवस दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले ऊन लागलंय. आम्ही म्हणालो ऊन लागलंय. डबा बसच्या उकाड्यात होता हे खरं आहे, त्यामुळे आजही मी छातीवर हात ठेवून एकच कारण सांगू शकत नाही. पण पुढं जे पाहिलं त्यानंतर मला कारण शोधायची गरज उरली नाही.

मला जागं केलं ते माझ्या वडिलांनी. शिरूरला परत आल्यावर मी कौतुकाने तो छापील आलेख त्यांना दाखवला. ते संध्याकाळचा चहा पीत होते. शिक्षण चौथीपर्यंत, पण मोटार कशी श्वास घेते ते त्या माणसाला कानाने कळायचं. त्यांनी कागद लांब धरला, मग जवळ आणला.

"ही कशाची रेघ?"

"कोल्ड रूमची, अब्बा."

"आन् हे हिरवं काय?"

"रात्री कॉम्प्रेसर बंद असतो. वीज वाचते."

"सात-आठ तास?" त्यांनी कप खाली ठेवला. "बाहेर एवढी आग ओततीय. सात-आठ तास कॉम्प्रेसर बंद ठेवलाय, मग आत ठेवलंय काय? लोखंड?"

मी म्हणाले, रात्री दार उघडत नाही ना.

"बेटा, दार नाही उघडलं तरी अर्ध्या-पाऊण तासात तो एकदा चालतोच. सात-आठ तास बंद म्हणजे कुणीतरी हाताने खटका खाली केला. आन् पहाटे हे उंच चढलंय बघ, चार तास धापा टाकतोय. आत सगळं गरम झाल्याशिवाय असा चढत नाही तो."

ते सगळं त्या रेषेत पहिल्या दिवसापासून होतं. रेषेचा आकार बघायचा, हे मलाच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी इमारतीवर गेले. तिथं वायरमन मामा होते. पन्नाशीतले, निमोण्याकडचे, इमारतीची सगळी बटणं त्यांच्या ताब्यात. मी त्यांना म्हणाले, "मामा, कॉम्प्रेसर लावायच्या आधी मला कोल्ड रूम उघडून दाखवा."

त्यांनी नजर चुकवली. "कशापायी ताई? घाण हाय समदी."

"उघडा तर."

दाराचा मोठा दांडा त्यांनी ओढला. आतून जी हवा अंगावर आली ती गार नव्हती. ती कोमट होती, कुणीतरी तोंडाजवळ येऊन ढेकर दिल्यासारखी. आंबलेलं दूध, ओला पुठ्ठा आणि त्याखाली आणखी एक गोडसर वास, मेलेल्या उंदराचा असतो तसला. मी ओढणी नाकाला लावली आणि आत गेले. जमिनीवर पांढुरकं पाणी साचलं होतं, चप्पल त्यात चिकटत होती. आइस्क्रीमचे टब वितळून कडांवरून ओघळले होते. पिवळे, गुलाबी ओघळ खालच्या पनीरच्या पिशव्यांवर पडले होते. श्रीखंडाच्या डब्यांची झाकणं फुगून वर आली होती. एकावर बोट ठेवलं तर फुस्स करून हवा सुटली. पनीर दाबलं तर बोटाला बुळबुळीत तार आली. कोपऱ्यातल्या मोरीच्या जाळीवर दुधाची साय बसून वाळली होती आणि त्या सायीत बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

मी बाहेर येऊन भिंतीशी वाकले आणि ओकले. मामांनी बादलीत पाणी आणून दिलं.

"रोज असंच असतं?" मी विचारलं.

"व्हय. दहाला बंद करतो, आत्ता लावतो. दुकान उघडायच्या टायमाला पुन्यांदा गारठतं समदं. वर बर्फ धरतो, मंग कुणाला काय कळतंय."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"अण्णांनीच. पुण्याच्या साहेबांनी सांगितलंय म्हनले, रातचं बंद ठिवायचं."

"आणि तुम्ही कधी कुणाला बोलला नाहीत?"

मामा बादली उचलत म्हणाले, "म्या घरी सांगून ठिवलंय, हितलं काय बी आणायचं न्हाई. पोरास्नी तर अजिबात न्हाई."

माझ्या सत्काराच्या दिवशी मामा कोपऱ्यात उभे होते. त्यांनी आइस्क्रीमचा कप हातात घेतला होता आणि तसाच खिडकीत ठेवून दिला होता. आम्रखंडाचा डबा पिशवीत भरून देताना तेच म्हणाले होते, "दौंडला चालला व्हय ताई? बरं बरं." त्या माणसाविषयी मला इतकी शिसारी आली की मी त्यांच्या हातचं ते पाणीही तोंडावर घेऊ शकले नाही. मग लक्षात आलं की यांनी निदान खटका खाली केला म्हणून सांगितलं तरी. मी त्याला हिरवा रंग दिला होता.

मी शाळा-कॉलेजला सामान पुरवणाऱ्या दुकानातून एक थर्मामीटर विकत आणला. सहा दिवस रोज रात्री कॉम्प्रेसर बंद व्हायच्या आधी आणि पहाटे लावायच्या आधी जाऊन तो श्रीखंडाच्या फळीवर टांगून बघितला आणि ते आकडे विजेच्या आकड्यांशेजारी नव्या रकान्यात भरले. मग दोन्ही रेषा एकाच कागदावर काढल्या. विजेची रेषा तळाला गेली की दुसरी रेषा चढायला लागायची. ती समजायला इंजिनिअर असायची गरज नव्हती. शाळकरी पोरालाही कळलं असतं.

सोमवारी साहेब आले तेव्हा तो कागद मी त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो वाचला. चष्मा काढून पुसला.

"मॅडम, टेंपरेचर आपल्या कामात येत नाही. आपण फक्त विजेचं बघतो."

"पण साहेब, वीज वाचली ती यामुळेच ना?"

"असेल. ते त्यांनी कसं केलं हा त्यांचा प्रश्न." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हा रकाना काढून टाका. या आलेखावर माझी तीन नवी कामं ठरलीत. तुमचंही नाव होतंय त्यात. कशाला उगाच?"

त्यांचा शर्ट इस्त्रीचा होता, अंगाला कुठल्यातरी साबणाचा मंद वास येत होता. कोल्ड रूमचं दार त्यांनी एकदाही उघडून पाहिलेलं नव्हतं. जायच्या आधी त्यांनी बाटलीतलं पाणी मागवलं, घरून आणलेला डबा खाल्ला आणि हात धुऊन गाडीत बसले.

मी कागद घेऊन अण्णांच्या केबिनमध्ये गेले. सोबत श्रीखंडाचा एक फुगलेला डबा नेला. अण्णांनी कागदाकडे बघितलंही नाही.

"अगं, श्रीखंड आंबटच असतंय," ते हसत म्हणाले.

"अण्णा, हे आंबट नाही, नासलेलं आहे. वास घेऊन बघा."

"लोकं ताव मारून खात्यात. आजवर एक तरी तक्रार आली का? थंड लागलं म्हंजी झालं."

मी झाकण उघडलं. वास केबिनभर झाला. डब्यात चमचा रोवला आणि तो त्यांच्या पुढं सरकवला. "मग एक घास खाऊन दाखवा."

त्यांचं हसू तसंच होतं, पण खुर्ची मागं गेली. त्यांनी एका बोटाने डबा परत माझ्याकडे ढकलला. "तूच खा. तुझाच आलेख हाय तो. आम्ही काय अडाणी माणसं, तुम्ही कागदावर दाखवलं तसं आम्ही केलं."

त्यांचं हे वाक्य ऐकून मला राग यायला हवा होता. आली ती किळस, आणि त्यात थोडी माझी मलाही. कारण वाक्य अर्धं खरं होतं.

रविवारी मी दौंडला गेले. खाला तोवर बरी झाली होती, पण चेहरा उतरलेला होता. तिच्या पायाशी बसून मी सगळं सांगितलं. दरवाजा, अळ्या, हिरवी पट्टी, सगळं. मला वाटलं होतं ती माझ्या पाठीवर हात फिरवेल. तिने तसं केलं नाही. भाजी निवडत राहिली.

"तुला कळून किती दिवस झाले?"

"बारा-तेरा."

"आन् या बारा-तेरा दिवसांत तिथनं किती डबे गेले?"

तेही माझ्याच कॉम्प्युटरमध्ये होतं. आवक-जावक मीच भरत होते.

"मला सांगायला तू एसटीने एवढ्या लांब आलीस," खाला म्हणाली. "मी तर खाऊन बसले. ज्यांनी अजून खाल्लं नाही त्यांना जाऊन सांग."

पुढच्या शनिवारी दुपारी निमोण्याच्या एक मावशी दुकानात आल्या. साठीच्या, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. दुसऱ्या दिवशी वरच्या हॉलमध्ये त्यांच्या पुतणीचा साखरपुडा होता आणि किती श्रीखंड लागेल ते सांगायला त्या स्वतः आल्या होत्या. मी बिल छापायला घेतलं. बोटं कीबोर्डवर गेली आणि तिथंच थांबली.

"मावशी," मी हळूच म्हणाले, "इथलं श्रीखंड घेऊ नका."

"का गं? आंबट निघतंय का काय?"

"रात्रभर कोल्ड रूम बंद असते. माल नासतो आणि सकाळी परत गोठवतात. मी डोळ्यांनी बघितलंय."

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. खरं बोलतेय की माझं काही भांडण आहे, ते तपासत असाव्यात. मग त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली. "चल. दाव मला."

दुपारची वेळ होती, कॉम्प्रेसर चालू होता. सगळं वरून बर्फाळ आणि स्वच्छ दिसत होतं. मामा दाराशी उभे होते. त्यांनी अडवलं नाही. मावशींनी एक डबा उचलला, झाकण काढलं, वरचा घट्ट थर बोटांनी बाजूला केला आणि खालचं नाकाशी नेलं. आयुष्यभर दूध-दही हाताळलेली बाई होती ती. तिने डबा तिथंच जमिनीवर पालथा केला.

"शी शी शी! आरं, गुरं तरी तोंड लावतील का ह्याला?" त्यांचा आवाज सगळ्या दुकानात गेला. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "कुठं हाय तो तुमचा मालक? उद्या दीडशे मानूस जेवणार हाय माझ्या दारचं! पाव्हणी येणार हायेत! काय घालत व्हता तुम्ही त्यांच्या ताटात?"

अण्णा केबिनमधून बाहेर आले. "काकी, काकी, बसा आधी, पाणी घ्या," असं म्हणत राहिले. मावशींनी पाणी घेतलं नाही. हॉलचं सांगितलेलं जेवणही त्यांनी तिथल्या तिथं रद्द केलं आणि जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू हितं कशाला ऱ्हायलीस गं मग?"

त्याचं उत्तर मला द्यायची वेळच आली नाही. संध्याकाळपर्यंत अण्णांनी मला कामावरून काढलं. ओरडले नाहीत. "वडलांच्या तोंडाकडं बघून एवढंच करतोय," म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांच्या विहिरींच्या मोटारी आमच्या दुकानात यायच्या बंद झाल्या. वडिलांनी त्याबद्दल मला चकार शब्द ऐकवला नाही. आईने मात्र बरेच दिवस ऐकवलं, आणि तिचंही चुकत नव्हतं.

शिरूरमध्ये गोष्ट आठवड्याभरात पसरली. दोन-तीन कार्यं दुसरीकडे गेली. अण्णांनी कोल्ड रूम धुऊन काढली, नवं रबर लावलं, प्लास्टिकचे पडदे लावले आणि कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालू ठेवला. मोठी पाटी लावली, 'चोवीस तास शीतगृह'. लोक विसरले. दिवाळीला त्याच काउंटरवर रांग होती. सरकारी माणूस कुणी आला, तपासून गेला, असं मी ऐकलं नाही. मी एक अर्ज लिहून पाठवला होता, त्याचं उत्तर आलं नाही.

मला सगळ्यात जास्त घाण वाटली ती साहेबांनी नंतर अण्णांना पाठवलेल्या पत्राची. मामांनीच त्याची झेरॉक्स मला आणून दिली, कदाचित त्यांच्या मनाला काहीतरी बोचत असावं. त्यात चांगल्या इंग्रजीत लिहिलं होतं की कोल्ड रूमच्या रात्रीच्या नोंदी डेटा एंट्रीतल्या चुकीमुळे बिघडल्या असून संबंधित ऑपरेटर आता कामावर नाही. आकडे पॅनलमधल्या डब्याने नोंदवले होते. मी एकही आकडा हाताने भरला नव्हता, थर्मामीटरचा सोडून. पत्र वाचून झाल्यावर मी साबणाने हात धुतले. कागदाला कसलाच वास नव्हता, तरी धुतले.

सहा महिन्यांनी खालूंच्या ओळखीने दौंड तालुक्यातल्या एका खासगी दूध शीतकरण केंद्रावर मला काम मिळालं. खालाकडे राहून मी रोज सायकलने जायचे. तिथं विजेच्या आणि तापमानाच्या नोंदी एकाच वहीत व्हायच्या, ते बघून मी मनातून सुखावले होते. पहिल्याच दिवशी सुपरवायझरने वही माझ्यापुढं टाकली. मागचे तीन दिवस कोरे होते.

"टेंपरेचरचा मीटर बंद पडला व्हता," तो म्हणाला. "आजूबाजूचं बघून अंदाजानं भरून टाका. नुसतं चार-साडेचार डिग्री लिहीत चला."

मी विचारलं, "त्या तीन दिवसांचं दूध कुठंय?"

"कुठं म्हंजी? टँकर गेला की."

पेन माझ्या हातात होतं. मी त्या तीन दिवसांच्या रकान्यांवर एकेक तिरकी रेघ मारली, पुढं लिहिलं 'मीटर बंद, नोंद नाही' आणि खाली सही केली. त्याने वही ओढून घेतली, सही वाचली आणि दात ओठ खात टाकीकडे निघून गेला. मला कुणी काढलं नाही. कुणी कौतुकही केलं नाही. दुपारी नवा मीटर आला. मी बाकावर उभी राहून त्याच्या वायरी नीट बसल्यात का ते बघितलं आणि चौथ्या दिवसाची पहिली नोंद केली.